डॉ. यशवंत जोतीराव फुले : वारसा रक्ताचा की कार्याचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी लासुर्णे येथे केलेले भाषण)



समितीने आम्हांला बोलायला उभे केले याबद्दल आभार. आम्ही काही पंडित नाही. साखर कारखान्यात पाळीवर काम करणारे कामगार आहोत. हंगामात गव्हाणीत ऊस पडायला लागला की दिवस कुठला आणि रात्र कुठली, याचा पत्ता लागत नाही. गाळप बंद झालं की मग उसंत मिळते. आमची शाळा लवकर सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते या उसंतीत, मागून आणलेल्या पुस्तकांतून झालं. त्यामुळे बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे.

समितीने विचारले, विषय कोणता? आम्ही म्हणालो, एका डॉक्टरच्या घराण्याचा इतिहास सांगतो. पोरं म्हणाली, डॉक्टर म्हणजे बाबासाहेबच ना! नाही. त्यांचं नाव यशवंत. यशवंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भय्यासाहेब उभे राहतात. बाबासाहेबांचे चिरंजीव, भारतीय बौद्ध महासभेचं काम पुढे नेणारे यशवंतराव आंबेडकर. पण आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार ते यशवंतराव त्यांच्या आधीचे. महात्मा जोतीराव फुले आणि क्रांतिज्योती सावित्रीमाई यांचे चिरंजीव, डॉ. यशवंत फुले.

बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले. तथागत बुद्ध, संत कबीर आणि महात्मा फुले. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहिला तो जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. म्हणजे जोतीराव हे नात्याने आपले आजेगुरूच झाले. मग त्या घरातला मुलगा आपल्याला परका कसा? दर ११ एप्रिलला आपण जोतीरावांच्या प्रतिमेला हार घालतो, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती करतो. त्यांच्या मुलाचं काय झालं, सुनेचं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही. आज ते सांगायचं आहे.

घराण्याची सुरुवात गावापासून करू. या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, खटाव तालुका. तिथून जोतीरावांचे पणजोबा आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले. पणजोबांचा मुलगा शेटिबा. शेटिबाची तीन मुलं पुण्यात फुलांचा धंदा करू लागली, पेशव्यांच्या वाड्यावर फुलं पुरवू लागली. धंद्यावरून लोक फुले म्हणू लागले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. त्या तिघांतले गोविंदराव हे जोतीरावांचे वडील. बघा, आडनावसुद्धा जन्माने चिकटलेलं नाही, कामाने मिळालेलं आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी कथा याच वाटेने जाणार आहे.

११ एप्रिल १८२७ ला जोतीरावांचा जन्म झाला. वर्षभरातच आई चिमणाबाई वारल्या. मग त्यांना वाढवलं कोणी? सगुणाबाई क्षीरसागर यांनी. नात्याने मावसबहीण, स्वतः बालविधवा. त्यांनी आईची माया दिली आणि शिक्षणाची ओढही लावली. म्हणजे आधुनिक भारताच्या या क्रांतिकारकाला घडवणारी माउली त्याला जन्म देणारी नव्हती.

१८४० साली जोतीरावांचं लग्न नायगावच्या सावित्रीशी झालं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिकवायला जाऊ लागल्या. सनातनी खवळले. शेण आणि दगड फेकण्यापर्यंत मजल गेली. पण त्याहून मोठा घाव घरातून बसला. समाजाच्या दडपणाखाली वडील गोविंदरावांनी सांगितलं, शाळा सोडा नाहीतर घर सोडा. १८४९ साली त्या दोघांनी घर सोडलं. सख्ख्या बापाच्या घरात जागा राहिली नाही. आसरा दिला तो मित्रांनी. रक्ताने बाहेर काढलं आणि विचाराने आत घेतलं, असं हे घराणं आहे.

लग्नाला वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. त्या काळी अशा घरात काय होत असेल ते इथे बसलेल्या आयाबायांना सांगायला नको. दुसरी बायको करा, वंश बुडेल, असा आग्रह सुरू झाला. जोतीरावांनी साफ नकार दिला. त्या काळात पुरुषाने असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. आजही आपल्या आजूबाजूला मूल होत नाही म्हणून सुनेला माहेरी धाडणारी घरं आहेत. भिंतीवर फुल्यांचा फोटो लावायचा आणि सुनेला वांझ म्हणायचं, हे दोन्ही एका छपराखाली चालणार नाही!

आता मूळ कथेकडे येतो. त्या काळी ब्राह्मण समाजात विधवेला पुन्हा लग्न करायला धर्माची मनाई होती. १८५६ साली सरकारने विधवाविवाहाचा कायदा केला, पण कायदा कागदावर राहिला. आठ-दहा वर्षांची पोर विधवा व्हायची, तिचं केशवपन करायचं आणि तिला घरात कोंडायचं. घरातल्याच कोणा पुरुषाची वाईट नजर तिच्यावर पडायची. दिवस गेले की दोष तिचाच. मग एक तर तिने विहीर जवळ करायची, नाहीतर जन्मलेल्या मुलाचा जीव घ्यायचा. पकडली गेली तर काळ्या पाण्याची शिक्षा होतीच. तो पुरुष मात्र उजळ माथ्याने हिंडायचा.

१८६३ साली जोतीराव-सावित्रीमाईंनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा, अशी जाहिरात गावात लावली. १८८४ पर्यंत अशा पस्तीस विधवा या घरात आल्या. त्यांची बाळंतपणं सावित्रीमाईंनी केली. ज्या समाजाच्या लोकांनी या बाईवर शेण फेकलं, त्याच समाजाच्या लेकींची बाळंतपणं या बाईने आपल्या हातांनी केली. याला आम्ही करुणा म्हणतो. इथे विहारात आपण दर रविवारी करुणा हा शब्द उच्चारतो. तिचा अर्थ त्या माउलीने करून दाखवला.

अशीच एक काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा. जीव द्यायला निघालेली. तिला या घरी आणलं, ती बाळंत झाली, मुलगा झाला. १८७४ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी तो मुलगा दत्तक घेतला. तोच हा यशवंत.

इथे थोडं थांबून विचार करू. दत्तक घेणं ही त्या काळी नवी गोष्ट नव्हती. राजेरजवाडे घ्यायचे, सावकार घ्यायचे. पण दत्तक कोणाचा? भाऊबंदातला, निदान जातीतला. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक मुलगा आपल्याच वर्णाचा लागे. जोतीरावांच्या भाऊबंदात मुलं होती. त्यातलं एखादं घेतलं असतं तर सगळे खूश झाले असते, इस्टेट घरातच राहिली असती. पण त्यांनी ज्याला बाप नाव द्यायला तयार नव्हता, ज्याला जात आत घ्यायला तयार नव्हती, असं मूल उचललं. आणि ते मूल ज्यांच्याविरुद्ध ते आयुष्यभर लढले त्या जातीतल्या आईचं होतं. काही लोक म्हणतात, फुले ब्राह्मणद्वेष्टे होते. त्यांना एवढंच विचारा, द्वेष्टा माणूस शत्रूच्या लेकराला आपलं आडनाव देतो का? त्यांचं भांडण व्यवस्थेशी होतं, पाळण्यातल्या पोराशी नव्हतं.

यशवंत ज्या घरात वाढला ते घर कसं होतं? १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. म्हणजे त्याच्या एकोणसाठ वर्षं आधीची ही गोष्ट. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. म्हणजे हा मुलगा सत्यशोधक समाजाच्या बरोबरीनेच वाढला. घरात सभा, घरात वादविवाद, दाराशी विद्यार्थी, माजघरात बाळंतिणी. अशा घरात वाढलेल्या पोराला वेगळे संस्कार वर्ग लागले नसतील.

या घरी येणाऱ्यांत एक मोठे डॉक्टर होते, डॉ. विश्राम रामजी घोले. गवळी समाजातले, नामवंत शल्यविशारद, सत्यशोधक समाजाचे अध्यक्षही झाले. पुण्यातला घोले रोड त्यांच्याच नावाचा. पुण्यात बाहुलीचा हौद म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो त्यांनी अकाली गेलेल्या आपल्या चिमुकल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधला. मुलगी गेली तर माणसं देवाला नवस फेडतात, या बापाने लोकांना पाणी दिलं. १८८८ च्या जुलैमध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला तेव्हा उपचार केले ते याच घोले डॉक्टरांनी. उजवी बाजू लुळी पडली. तरी जोतीराव डाव्या हाताने लिहीत राहिले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं केलं. यशवंताचं वय तेव्हा चौदा-पंधरा असेल. घरात आजारी बाप आणि उशाशी बसलेला डॉक्टर, हे त्या मुलाने रोज पाहिलं. पुढे तो डॉक्टरीच शिकला.

पक्षाघाताच्या आधी एक वर्ष, १८८७ च्या जुलैमध्ये, जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याची रीतसर नोंदणी केली होती. का करावं लागलं? आमच्या मते, जातीबाहेरचा दत्तक भाऊबंद मानणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कागद पक्का केला. यशवंत हाच आपला वारस, असं त्यात लिहिलं. पण त्यात आणखी एक कलम आहे, ते फार मोलाचं आहे. मुलगा शिकला नाही, नालायक निघाला, तर त्याच्याऐवजी त्या काळी शूद्र म्हणवल्या गेलेल्या जातींपैकी लायक मुलाला पुढे आणावं, अशी तजवीज त्यांनी केली. म्हणजे स्वतःच्या लाडक्या मुलालासुद्धा सांगितलं, बाळा, तू माझा मुलगा आहेस म्हणून वारस नाहीस. तू लायक ठरलास तर वारस आहेस. आज पक्षापक्षांत, संस्थासंस्थांत मुलगा-पुतण्या-जावई यांची रांग लागलेली आपण बघतो. त्या सर्वांनी हे कलम एकदा वाचावं!

आता सुनेची गोष्ट. हडपसरचे सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे. त्यांची मुलगी राधा. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंत आणि राधा यांचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. भटजी नाही, हुंडा नाही. जन्माने ब्राह्मण विधवेचा मुलगा आणि माळ्याची मुलगी. जे पुढारी व्यासपीठावरून जाती मोडायला सांगतात, ते घरच्या लग्नात पत्रिका आणि पोटजात बघतात. जोतीरावांनी आपल्या एकुलत्या एक मुलाचंच लग्न जात मोडून केलं. मुलगा आणि मुलगी वयाने लहानच होती, त्या काळाची ती रीत होती; आज मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पुरी झाल्याशिवाय लग्न करायचं नाही हा कायदा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण सावित्रीमाईंनी एक गोष्ट काळाच्या पुढची केली. लग्नाआधीच राधाला घरी आणून ठेवलं, का तर मुलामुलीने एकमेकांचा स्वभाव ओळखावा. दीड तासात चहा-पोहे उरकून पोरीचा जन्म ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काही घ्यावं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. आपल्याला मिठात घालून पुरावं अशी त्यांची इच्छा होती. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दहन करायचं ठरलं. अंत्ययात्रा निघायच्या वेळी भाऊबंद पुढे आले. टिटवं कोण धरणार? टिटवं म्हणजे प्रेताच्या पुढे धरायचं विस्तवाचं मडकं. ते जो धरेल तो वारस, अशी रूढी. भाऊबंद म्हणाले, यशवंत आमच्या रक्ताचा नाही, त्याला तो हक्क नाही. पक्षाघाताने झिजलेला बाप समोर निजलेला, आणि सोळा वर्षांच्या पोराला सांगताहेत की हा तुझा बाप नव्हे!

तेव्हा सावित्रीमाई उठल्या आणि टिटवं स्वतःच्या हातात घेतलं. अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि नवऱ्याच्या चितेला अग्नी दिला. १८९० सालात बाईने मसणात जाणंसुद्धा निषिद्ध होतं! वाद मिटवण्यासाठी त्या पंचांकडे गेल्या नाहीत, रडत बसल्या नाहीत. एका कृतीने त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हा मुलगा माझा आहे. दोन, हक्क म्हणून विचाराल तर पहिला हक्क माझा आहे.

यशवंताने आपला वारसा कसा सिद्ध केला? पहिलं काम केलं ते पुस्तकाचं. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' जोतीरावांच्या हयातीत छापून झालं नव्हतं. १८९१ साली यशवंताने ते प्रसिद्ध केलं. घरात तेव्हा पैशांची अडचण होती. जोतीरावांच्या आजारपणात घर ओढगस्तीला आलं होतं. मामा परमानंदांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदत मागितली होती, आणि महाराजांनी पुढे त्या कुटुंबाला मदत केलीही. अशा दिवसांत त्या पोराने बापाचं पुस्तक लोकांपर्यंत पोचवलं. बापाची जमीन विकून खाणारे वारस गावोगाव आहेत. बापाचे विचार छापणारा वारस विरळा.

दुसरं काम, डॉक्टरीचं. यशवंत वैद्यकीचं शिक्षण घेऊन डॉक्टर झाला, लष्करात नोकरीला लागला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला, १८९७ उजाडता तो पुण्यात पसरला. आजच्या पोरांना प्लेग माहीत नाही. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे तो माणसाला व्हायचा. ताप, काखेत-जांघेत गाठ आणि चार-सहा दिवसांत माणूस संपायचा. प्लेग बरा करणारी औषधं आली ती १९४० नंतरच्या दशकात. म्हणजे १८९७ साली डॉक्टरच्या हातात औषध नव्हतंच! मग डॉक्टर काय करणार? रोगी वेगळा ठेवायचा, पाणी पाजायचं, अंग पुसायचं, मोकळी हवा द्यायची, आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याच्याजवळ थांबायचं. जिथे घरची माणसं दूर पळत होती तिथे थांबायचं. आपण सगळ्यांनी २०२० आणि २०२१ सालचा करोना पाहिला. अंत्यविधीला चार माणसं मिळत नव्हती. त्यामुळे हे आपल्याला समजायला जड जाऊ नये.

सावित्रीमाईंनी यशवंताला बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाणे मळ्यात, म्हणजे सुनेच्या माहेरच्या माळावर, त्यांनी दवाखाना काढला. राधा सासूच्या आधीच हे जग सोडून गेली होती, पण ससाण्यांनी आपल्या रानात जागा दिली. लासुर्ण्याहून बारामती, पाटसमार्गे पुण्याला जाताना हडपसर लागतं. आज तिथे उंच इमारती आहेत. पुढच्या वेळी तिथून जाताना एवढं आठवा की याच मोकळ्या माळावर एका मायलेकाने प्लेगच्या रोग्यांची सेवा केली.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं सावित्रीमाईंना कळलं. त्या स्वतः गेल्या. वय सहासष्ट. त्या मुलाला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. बंधूंनो, त्या काळात महाराच्या पोराची सावलीसुद्धा नको होती. मुलगा वाचला. सावित्रीमाईंना त्याचा प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ च्या रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी दवाखान्यातला डॉक्टर कोण? त्यांचाच मुलगा. आईला आणि त्या लेकराला एकाच रोगाने गाठलं. लेकरू वाचलं आणि आई गेली, हे त्या डॉक्टरने डोळ्यांनी पाहिलं. आणि पुढे काय झालं? आईच्या मागे दहा वर्षांच्या आत यशवंतरावही प्लेगनेच गेले. वय तिशीच्या पुढे थोडंसं.

म्हणजे या घराण्याने आपल्या समाजाचं एक लेकरू वाचवताना आई दिली. आम्ही असं म्हणतो की त्या पाठीवरच्या लेकराच्या रूपाने आपण सगळे त्या बाईच्या पाठीवर बसून इथवर आलो आहोत.

भाषण इथे थांबवलं तर टाळ्या पडतील. पण इतिहास इथे थांबत नाही, आणि आम्हांला जे सांगायचं आहे ते यापुढेच आहे.

राधा गेल्यावर यशवंतरावांनी दुसरं लग्न केलं होतं. पत्नीचं नाव चंद्रभागा. यशवंतराव गेले तेव्हा चंद्रभागाबाई आणि एक लहान मुलगी मागे राहिली. महात्मा फुल्यांची सून आणि नात. त्यांचं काय झालं? चंद्रभागाबाईंना राहतं घर विकावं लागलं. गंज पेठेतलं तेच घर, जिथे पस्तीस निराधार बायकांना आसरा मिळाला होता. त्या घरच्या सुनेला आसरा राहिला नाही! शेवटी पुण्याच्या रस्त्यावर दिवस काढले आणि रस्त्यावरच देह ठेवला. बेवारस म्हणून अंत्यविधी झाला.

बेवारस! ज्या घराने वारस या शब्दाचा अर्थ बदलला त्या घरची सून बेवारस. त्या वेळी पुणे काही ओस पडलेलं नव्हतं. सत्यशोधक चळवळ चालू होती, परिषदा भरत होत्या, जोतीरावांच्या नावाचा जयजयकार होत होता. त्या गर्दीतून एकाही माणसाची नजर त्या बाईकडे गेली नाही. आज ते घर महात्मा फुले वाडा म्हणून सरकारने संरक्षित केलेलं स्मारक आहे. लोक तिथे जाऊन नतमस्तक होतात. व्हावंच. पण वाडा जपला गेला आणि वाड्यातलं माणूस जपलं गेलं नाही, हेही तिथे उभं राहून आठवावं.

हे आम्ही कोणाला दोष द्यायला सांगत नाही. ती माणसं गेली. आम्ही सांगतो ते आपल्या वस्तीसाठी. आज आपल्या वस्तीत चंद्रभागाबाई नाहीत का? चळवळीत आयुष्य घालवलेल्या, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेल्या कार्यकर्त्याची बायको आज म्हातारी झाली आहे. नवरा होता तोवर घरी कार्यकर्त्यांच्या पंगती उठायच्या. आज तिच्या दारात कोण जातो? आमच्याबरोबर पाळीला असणारा एक गडी ऐन हंगामात गेला. त्याच्या विधवेला भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांसाठी किती खेटे घालावे लागले ते आम्ही पाहिलं आहे. कारण काय? गड्याने लग्नाआधी आईचं नाव लावलं होतं, लग्नानंतर कागद बदललाच नाही. त्याच्या अंत्यविधीला सगळी वस्ती लोटली होती. कागद घेऊन तिच्याबरोबर जायला मात्र कोणाला वेळ नव्हता.

जोतीरावांनी मुलासाठी कागद पक्का केला होता. म्हणून आज कामावर असलेल्या प्रत्येकाला आमचं सांगणं आहे, घरी गेल्यावर आपले कागद काढा. भविष्यनिर्वाह निधीला, बँकेला, विम्याला नाव कोणाचं आहे ते बघा. लग्न झालं असेल तर नवीन नामनिर्देशन भरा. निधीचा सभासद मरण पावला तर विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनही मिळतं, हे बायकांना आधीच सांगून ठेवा. आणि कोणाला मूलबाळ नसेल तर दत्तक घ्यायला कचरू नका. जोतीरावांच्या वेळी कायदा आड येत होता. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात दत्तकाला घातलेली जातीची अट काढली. बिल रखडलं, बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. पण १९५६ च्या दत्तक कायद्यात ती अट राहिली नाही, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. यशवंताला जे संरक्षण मिळालं नाही ते बाबासाहेबांमुळे आज आपल्या लेकरांना मिळालं आहे. मात्र रीतसर नोंद करूनच मूल घ्यावं, परस्पर कोणाचं मूल आणू नये.

समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. विहारात एक वही ठेवावी. साधी, शंभर पानी. तिच्यात वस्तीतल्या प्रत्येक विधवेचं, परित्यक्तेचं, एकट्या म्हाताऱ्या माणसाचं नाव लिहावं. प्रत्येक नावापुढे एका तरुणाचं किंवा तरुणीचं नाव लिहावं. त्या तरुणाने महिन्यातून दोनदा त्या घरी जायचं. रेशन मिळतं का, औषधपाणी आहे का, हे विचारायचं. संजय गांधी निराधार योजनेत किंवा श्रावणबाळ योजनेत बसत असेल तर वयाचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला गोळा करून इंदापूरला तहसील कचेरीत अर्ज द्यायचा, आणि नुसता देऊन यायचं नाही, पैसे खात्यावर जमा होईपर्यंत पाठपुरावा करायचा. दर पौर्णिमेला वंदना झाली की ती वही सगळ्यांपुढे वाचायची. यासाठी वर्गणी लागत नाही. माणसं लागतात, ती समोर बसलेली आहेत.

काही मंडळी म्हणतील, विहार धम्मासाठी आहे, या कचेरीच्या कामासाठी नाही. तथागतांची ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. एक भिक्खू आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि त्याला स्वतःच्या हातांनी धुतलं. मग बाकीच्या भिक्खूंना समजावलं की तुम्हांला आई नाही, बाप नाही; तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्या धम्मात शास्त्याने आजाऱ्याची घाण धुतली त्या धम्मात म्हातारीचा अर्ज भरणं कमी प्रतीचं काम कसं ठरेल?

फुल्यांचं घराणं संपलं का, असं आम्हांला कोणी विचारलं तर आम्ही वंशावळीचा कागद काढणार नाही. सगुणाबाईंनी परक्या पोटच्या पोराला वाढवलं, तो जोतीराव झाला. जोतीराव-सावित्रीमाईंनी काशीबाईचं पोर वाढवलं, तो डॉक्टर झाला. सावित्रीमाईंनी गायकवाडांचं पोर पाठीवर घेतलं, ते वाचलं. हे घराणं असंच चालत आलं आहे, दुसऱ्याचं ते आपलं म्हणत. यापुढे ते चालवायचं की नाही हे तुमच्या-आमच्या हातात आहे. लासुर्ण्याच्या या वस्तीत यापुढे एकही बाई बेवारस जाणार नाही, एवढं आपण ठरवलं तरी आजचा वर्धापनदिन सार्थकी लागला असं आम्ही समजू.

वही उद्या आम्ही आणून देतो. पहिलं नाव आज सभा संपल्यावर लिहायचं आहे. ज्यांना तरुण म्हणून आपलं नाव द्यायचं असेल त्यांनी जेवणाच्या पंगतीआधी समितीच्या चिटणीसांकडे द्यावं.



जयभीम! जय जोती! नमो बुद्धाय!